सोळा आणे काळी

पुरवणीसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप आला तोवर शिवाजीमहाराज, पेशवाई आणि पानिपत हे विषय आपल्या मंडळातल्या जाणत्यांनी वाटून घेतले होते. माझ्या वाट्याला माती उरली. तशी ती पूर्वीच आली आहे म्हणा. सध्या पोट सॉफ्टवेअरवर चालतं, पण डॉक्टरेट स्थापत्य अभियांत्रिकीतली, आणि तीसुद्धा फुगणाऱ्या चिकणमातीवर. म्हणजे उमेदीची पाच वर्षं शब्दशः मातीत गेली!

ही माती म्हणजे आपली देशावरची काळी. आपल्यापैकी पुष्कळांचं मूळ गाव सोलापूर, नगर, बीड, सातारा नाहीतर पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेल्यावर शेतातल्या भेगेत चप्पल अडकली नाही असा त्या भागातला मुलगा विरळा. त्या मातीला इतिहास आहे, आणि तो नुसता भूगर्भशास्त्राचा नाही. गाव कुठे वसावं, सारा किती भरावा, कर्ज कधी काढावं, कालव्याचं पाणी घ्यावं की नाही, या सगळ्यांत तिचा हात आहे. गेली दोनशे वर्षं शेतकरी, सरकार, रसायनशास्त्रज्ञ आणि इंजिनियर हे चौघेही ही माती वाचायचा प्रयत्न करत आहेत. प्रत्येकाने आपापल्या गरजेपुरती वाचली. त्याची ही हकीकत.

काळी आणि पांढरी

जुन्या महसुली कागदांत गावाचे दोन भाग असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्यांची राख, पडक्या भिंती, शेणमाती साठून गावठाणाची जमीन फिकट होते, म्हणून ती पांढरी. आपल्याकडच्या कितीतरी गावांची पांढरी शेकडो वर्षांची आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केलं, ते अशाच टेकाडाचं. तिथली वस्ती तीन हजार वर्षांपूर्वीची, आणि त्या लोकांनी पुराचं पाणी वळवायला पाट आणि बांधही घातले होते.

घरं पांढरीत आणि औत काळीत, ही विभागणी इंजिनियरच्या नजरेने पाहिली तर फार शहाणपणाची दिसते. काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर बांधलेली मातीची भिंत दोन-चार पावसाळ्यांत तडकते. धान्य साठवायची पेवंसुद्धा पांढरीतच असत, कारण ज्या जमिनीला दरवर्षी हातभर भेग पडते तिच्यात ज्वारी कोरडी कशी राहणार?

आमचा मंगळवेढे तालुका म्हणजे ज्वारीचं कोठार. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात बिदरच्या बादशहाचं धान्यकोठार लोकांसाठी उघडणारे दामाजीपंत इथलेच. विठूचं रूप घेऊन देवाने त्यांची रक्कम भरली, ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. पण त्या कथेतलं कोठार भरलं कशाने, हा प्रश्न मला मातीकडे घेऊन जातो. पाच-सहाशे मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात लुटवायला पुरेल एवढी ज्वारी पिकते, याचं श्रेय त्या खोल काळीचं आहे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, तेव्हा कागदावर नाव ज्वारीचं लागलं. माझ्या मते ते अर्धं मातीचं आहे.

दगडाची माती कशी झाली

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी आपण चित्रात पाहतो तसा हा प्रकार नव्हता. थरावर थर साचत गेले. आज उरलेला हा काळा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. थरांमुळे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. पायरीला स्वीडिश भाषेत ‘त्राप्पा’ म्हणतात, त्यावरून युरोपियन भूवैज्ञानिकांनी या खडकाला ‘ट्रॅप’ म्हटलं. सिंहगड, रायगड, अजिंठा, वेरूळ, सगळे याच खडकातले.

आता गंमत पाहा. दगड एकच, पण महाबळेश्वरला त्याचा तांबडा जांभा झाला आणि तिथून शे-दीडशे किलोमीटर पूर्वेला काळी चिकणमाती. फरक पाण्याचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढं पाणी दगडातला चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका धुऊन नेतं. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणून रंग तांबडा. पर्जन्यछायेत पाऊस थोडा, त्यामुळे विरघळलेले क्षार आणि सिलिका तिथेच राहतात आणि त्यांची नवी खनिजं जमतात. त्यांतलं मुख्य म्हणजे स्मेक्टाइट. हे फुगणारं खनिज. काळीत खाली पांढऱ्या चुनखडीचे खडे सापडतात, तीही न धुपलेल्या चुन्याचीच खूण.

यातही एक पुढचं कोडं आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एवढं प्रचंड स्मेक्टाइट आजच्या कोरड्या हवामानात तयार होणं कठीण आहे. ते पूर्वीच्या जास्त ओल्या हवामानात बनलं, पाण्याबरोबर वाहून सखल भागात साचलं, आणि पुढे हवामान कोरडं झाल्यावर टिकून राहिलं. म्हणजे नदीखोऱ्यातली खोल काळी हा एका जुन्या, ओल्या काळाचा वारसा आहे. आज ती वाहून गेली तर आजच्या पावसाच्या जोरावर पुन्हा तयार होणार नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

सगळी जमीन अर्थात खोल काळी नाही. नदीपासून वर चढत गेलं की माती उथळ होत जाते: आधी मध्यम काळी, मग मुरमाड, मग बरड, आणि माथ्यावर नुसता माळ. तिथे पीक नाही, कुसळी गवत आहे. हा माळ धनगरांचा. पावसाळ्यात मेंढरं माळावर चरतात, आणि पुढे शेतं मोकळी झाली की शेतकरी धनगराला बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवतो. लेंडीखताच्या बदल्यात धनगराला धान्य मिळतं. माळावरचं गवत अशा रीतीने काळीत उतरतं. नान्नजच्या ज्या माळावर १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, तोही याच साखळीतला एक दुवा. सरकारी कागदात मात्र या माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशीच होत आली.

सोळा आण्यांचा हिशेब

जमिनीची प्रत लावण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच. अव्वल, दूम, सीम हे शब्द मराठेशाहीच्या कागदांत भेटतात. १८१८ साली पेशवाई गेली आणि नव्या सरकारला सारा ठरवायचा होता. पहिला प्रयत्न केला प्रिंगल साहेबाने. लंडनच्या अर्थशास्त्राचा त्याच्यावर प्रभाव. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचं उत्पन्न, त्यातून लागवडीचा खर्च वजा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सारा. कागदावर हिशेब चोख. प्रत्यक्षात दर इतके जड झाले की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले.

मग १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पाहणी सुरू केली. विंगेट हा लष्करातला इंजिनियर. त्या दोघांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला आणि जमिनीकडे पाहिलं. १८४७ साली डेव्हिडसनसह त्यांनी जो संयुक्त अहवाल सादर केला, त्यात मातीची प्रतवारी अशी मांडली आहे: रंग आणि पोतावरून तीन जाती. पहिली, काळी ते गडद तपकिरी, बारीक पोताची. दुसरी त्याहून भरड, बहुधा तांबूस. तिसरी खडीमिश्रित किंवा भुसभुशीत, फिकट. मग खोली. पहिल्या जातीची माती पावणेदोन हात, म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर खोल असेल तर तिची किंमत सोळा आणे. खोली पाव-पाव हाताने कमी झाली की आणेही उतरत जाणार: चौदा, बारा, दहा, आठ, सहा, साडेचार, आणि हलक्या जातींसाठी तीन आणि दोनपर्यंत. शिवाय दोष मोजायचे. चुनखडी, वाळू, उतार, पाणी न मुरणं, पुराचं पाणी अंगावरून जाणं, प्रत्येक दोषाला एक प्रत कमी. पाहणी कारकून शेताचे भाग पाडून खोली बघायचा आणि नकाशावर खुणा करायचा.

खोलीला एवढं महत्त्व का दिलं, याचं कारण त्या अहवालातच आहे. या देशात जमिनीची सुपीकता प्रामुख्याने ओल धरून ठेवण्याच्या शक्तीवर अवलंबून असते आणि ती शक्ती खोलीवर. स्मेक्टाइटचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, पण निरीक्षण अगदी बिनचूक होतं. माझ्या मते ते त्यांना आपल्या शेतकऱ्यांकडूनच मिळालं असणार. खोल काळी, मध्यम काळी, बरड ही भाषा गावात आधीपासून होतीच.

मग चुकलं कुठे? मातीचे आणे मोजले, पण पावसाचे कसे मोजणार? सोळा आणे जमीनसुद्धा सलग दोन वर्षं पाऊस नसला तर दोन आण्यांचीही राहत नाही. सारा मात्र तीस वर्षांसाठी ठरलेला, आणि तो रोख भरायचा. पहिली तीस वर्षं दर बेताचे होते, लागवड वाढली. नंतर १८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात इथला कापूस इंग्लंडला जाईना आणि आपल्या कापसाचे भाव चढले. ज्या देशात आज आपण राहतो, तिथल्या युद्धाने आपल्या पणजोबांच्या शेताची किंमत ठरवली! त्या तेजीत सावकारांनी हात सैल सोडले. १८६७ साली इंदापूरच्या तीस वर्षांची मुदत संपली आणि नव्या आकारणीत दर चांगलेच वाढवले गेले. तेवढ्यात युद्ध संपलं होतं, भाव उतरले होते, कर्ज मात्र उभं होतं. १२ मे १८७५ रोजी सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात नोंदलेली घटना ती हीच. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला, आणि १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला.

मातीची इतकी बारकाईने नोंद ठेवणाऱ्या सरकारला ती मातीच धरून बसलेला माणूस किती आण्यांचा उरला, हे कळायला दंगा व्हावा लागला.

काळेपणाचं कोडं

दरम्यान प्रयोगशाळेत वेगळाच वाद चालला होता. ही माती काळी का? युरोपियनांना ती रशियातल्या काळ्या मातीसारखी वाटली, म्हणजे कुजलेल्या गवतामुळे काळी. कोणी म्हणे जुन्या सरोवरांचा गाळ. नाव त्यांनी घेतलं ‘रेगूर’, तेलुगू रेगडवरून. १८९८ साली लेदर या सरकारी रसायनशास्त्रज्ञाने भारतातल्या मातींचे चार मोठे वर्ग केले, त्यांत कापसाची काळी हा स्वतंत्र वर्ग. १९१० साली ॲनेट याने रंगाचं श्रेय टायटॅनियमयुक्त लोहखनिजाला दिलं. सेंद्रिय कर्ब पाहावा तर बहुधा एक टक्क्याहूनही कमी. आता असं मानतात की तो थोडासा कर्ब चिकणमातीच्या कणांना इतका घट्ट बिलगलेला असतो, की थोड्यातही गडद रंग येतो.

खरं उत्तर रंगात नव्हतंच, ते कणाच्या रचनेत होतं. फ्रान्समधल्या माँमोरियाँ गावाजवळच्या एका चिकणमातीला ‘माँमोरिलोनाइट’ हे नाव मिळालं ते १८४७ साली, म्हणजे विंगेटच्या अहवालाच्याच वर्षी. पण चिकणमाती ही स्फटिकरूप असते हे क्ष-किरणांनी सिद्ध व्हायला १९३० उजाडलं. तिचा कण म्हणजे सुमारे एक नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांची चवड. पत्त्यांचा कॅट डोळ्यांपुढे आणा. दोन पत्त्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि कॅट फुगतो, पाणी गेलं की बसतो. असे सगळे पापुद्रे सुटे केले तर एक ग्रॅम मातीचं क्षेत्रफळ सात-आठशे चौरस मीटर भरतं, म्हणजे चिमूटभर मातीत बॅडमिंटनची नऊ कोर्टं. ओल धरण्याची शक्ती ती हीच.

उन्हाळ्यात ती आकसते तेव्हा भेगा मीटरभर किंवा त्याहून खोल जातात. वरची भुरभुरीत माती, काडीकचरा त्यांत पडतो. पाऊस आला की खालची माती फुगते, पण जागा तर वरून पडलेल्या मातीने व्यापलेली. मग ती बाजूला आणि वर रेटा देते. खोल खड्डा घेतला तर एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले, चकाकणारे तिरपे पृष्ठभाग दिसतात. माती अशी स्वतःच स्वतःला नांगरत असते. म्हणूनच १९६० साली अमेरिकन मृदाशास्त्रज्ञांनी नवं वर्गीकरण मांडताना या गटाला ‘व्हर्टिसोल’ म्हटलं, उलथणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून. आपला शेतकरी कोळपं घालून भेगा बुजवतो ते याच खेळात हस्तक्षेप करायला. भेग बुजली की ओल उडत नाही आणि पिकाची मुळं तुटत नाहीत.

ओलीवरचं पीक

काळीवर ज्वारी रब्बीत का घेतात, खरिपात का नाही, असा प्रश्न इथे वाढलेल्या आमच्या मुलीने विचारला होता. पावसाळा असताना शेत मोकळं ठेवायचं आणि पाऊस संपत आला की पेरायचं, हे तिला उफराटं वाटलं. पण ही माती म्हणजेच तळं आहे. मीटरभर खोलीत पिकाला उपयोगी पडेल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी ती साठवते. जून-जुलैचा पाऊस त्या भागात बेभरवशाचा, सप्टेंबरचा त्यामानाने खात्रीचा. शिवाय पूर्ण ओली झाल्यावर ती पाणी जवळजवळ आत घेतच नाही आणि औत तर चिखलात रुतून बसतं. म्हणून आधी तळं भरू द्यायचं, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं आणि पुढचे चार महिने पीक त्या साठ्यावर काढायचं. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी या गणितात इतकी चपखल बसली की पिढ्या गेल्या तरी ती रानातून हटली नाही.

हे ज्ञान शेतकऱ्याचं. त्याला मोजमाप दिलं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झालेले हॅरल्ड मान यांनी. या रसायनशास्त्रज्ञाने पुणे जिल्ह्यातल्या एका गावात घरोघर जाऊन जमिनीचे तुकडे, कर्ज आणि उत्पन्न मोजलं आणि १९१७ साली ते प्रसिद्ध केलं. कोरडवाहू शेतीचे प्रयोग १९२३ साली मांजरीला सुरू झाले आणि १९३३ पासून सोलापूरला कानिटकरांच्या देखरेखीखाली चालले. उतारावरून किती पाणी वाहतं आणि त्याबरोबर किती माती जाते, हे तिथे वर्षानुवर्षं मोजलं गेलं. त्यातून बांधबंदिस्ती, विरळ पेरणी, शेणखत आणि वारंवार कुळवणी-कोळपणी अशी पद्धत ठरली. एका वाक्यात सांगायचं तर माती आणि पाणी शेताबाहेर जाऊ देऊ नका. १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, तिनेही काळीवर काम करताना रुंद वाफे आणि सऱ्या काढून जास्तीचं पाणी सावकाश बाहेर काढण्यावर भर दिला.

पाणी आलं

कोरड्या मुलखात कालवा आला की वाटतं, आता सगळे प्रश्न सुटले. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहिला. पण काळीतून पाणी सहजी खाली उतरत नाही. भरपूर पाणी दिलं की ते साचतं, भूजल वर येतं, आणि उन्हाने पाणी उडालं की क्षार वर उरतात. क्षारांतलं सोडियम पापुद्र्यांना चिकटलं की माती आणखी मिटते आणि पाणी आणखी अडतं. पंचवीस वर्षांच्या आत नीरेच्या खोऱ्यात खारफुटीची समस्या एवढी वाढली, की १९१० साली मान आणि तम्हाणे यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आपल्याकडे अशा जमिनीला चोपण म्हणतात. सोळा आणे काळीची चोपण झाली की तिला कोणी दोन आणेही देत नाही.

त्याच कालव्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी थोड्या क्षेत्रावर ओतण्यापेक्षा ते पसरून, पिकांची फेरपालट करून द्यायचं. खडकवासल्याच्या आजच्या जलसंशोधन केंद्राची सुरुवात १९१६ साली झाली, तीही सिंचनाचेच प्रश्न सोडवायला. म्हणजे उपाय शंभर वर्षांपूर्वीच माहीत होते: पाणी बेतानं द्या आणि निचऱ्याचे चर आधी खणा. उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याखाली जिथे जिथे निचरा विसरून ऊस लावला गेला, तिथे हा धडा पुन्हा पहिल्या पानापासून गिरवावा लागतो आहे.

भिंतीला चीर

टेक्सासमधल्या वाचकांना आता घराची आठवण आली असेल. डॅलसच्या आसपासची काळी चिकणमाती लाव्हाची नाही, चुनकळी आणि मार्ल यांपासून झालेली आहे, पण आतलं खनिज तेच फुगणारं. म्हणून तर तिथली आपली मंडळी उन्हाळ्यात लॉनपेक्षा घराच्या पायाला अधिक काळजीने पाणी घालतात. घराचा दरवाजा ऑगस्टमध्ये लागत नसेल तर सुताराला दोष देऊ नका. १९७३ साली अमेरिकेत केलेल्या एका हिशेबात असं निघालं, की फुगणाऱ्या मातीने इथे वर्षाला २३० कोटी डॉलरचं नुकसान होतं, आणि ते पूर, वादळं आणि भूकंप यांच्या एकत्रित नुकसानापेक्षा जास्त आहे.

यावरचे दोन चांगले उपाय भारतात निघाले, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली कंदासारखे फुगवटे असलेले खांब विकसित केले. जिथे वर्षभरात ओल फारशी बदलत नाही अशा साडेतीन मीटर खोलीवर ते रुजवले की वरची माती कितीही हलली तरी घर हलत नाही. दुसरा उपाय मुंबई आयआयटीच्या प्राध्यापक कट्टींचा. त्यांनी पाहिलं, की काळीच्या वरच्या थराखाली मीटरभर गेलं की फुगणं जवळजवळ थांबतं. मग त्यांनी काळीवर न फुगणाऱ्या पण चिकट अशा मुरमाड मातीचा मीटरभर थर दाबून बसवायचा आणि त्यावर कालव्याचं अस्तर करायचं, अशी पद्धत काढली. कर्नाटकात मलप्रभेच्या कालव्यावर ती वापरली गेली.

मंगळवेढ्याचं नाव निघालं की मला आणखी एक भिंत आठवते. परंपरा सांगते की १३३८ साली तिथलं गावकूस बांधताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली सापडलेल्या मजुरांत संत चोखोबा होते. जमिनीशी चुकीचा व्यवहार कोणीही करो, भिंत पडते ती बांधणाऱ्याच्या अंगावर. चुकीच्या साऱ्याच्या बाबतीतही तेच झालं होतं, आणि चोपण जमिनीच्या बाबतीत आजही तेच होतं.

सातबाऱ्यावरचं नाव

हा सगळा इतिहास लिहायला बसण्याचं खरं कारण आता सांगतो. या वर्षी चुलतभावाचा फोन आला. “दादा, पाइपलाइन आणतोय. सामाईक रानात ऊस करायचा म्हणतो. कर्जाला तुमची सही लागेल.” सातबाऱ्यावर वडिलांमागे माझंही नाव लागलं आहे. तो तिथे राहतो, राबतो. मी डॉलर मिळवतो आणि तीन वर्षांनी एकदा आंबे खायला जातो. त्याला “ऊस लावू नकोस” असं सांगायचा मला काय अधिकार? कोरडवाहू ज्वारीवर दोन मुलांची कॉलेजची फी निघत नाही, हे त्याने न सांगताही कळतं. दुसरीकडे, आमचं ते रान चार हात खोल काळीचं. पाणी चुकीचं पडलं तर माझ्या मुलीच्या हयातीत ते परत येणार नाही.

तासभर बोललो. मी नीरेची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “ते आम्हाला माहीत आहे दादा. खालच्या अंगाचं शेजाऱ्याचं रान चोपण झालंय, बघतोय ना रोज. पण चर खणायला पैसा कुठला? कर्ज मोटारीला मिळतं, पाइपला मिळतं. चराला कोण देतो?” या प्रश्नावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि माझ्या प्रबंधातल्या तीनशे पानांतही ते नव्हतं. शेवटी असं ठरलं: सही मी करायची, चराचा खर्च मी द्यायचा, ऊस तिसऱ्या हिश्श्याच्या वर नाही आणि तोही ठिबकवर, बाकी ज्वारी आणि हरभरा. चर आधी, ऊस नंतर. तो हसून म्हणाला, “म्हणजे ब्लॉक पद्धतच की!” शेतकी शाळेत शिकलेला आहे तो.

आपल्यापैकी पुष्कळांची नावं अशी कुठल्यातरी सातबाऱ्यावर असतील. पुढच्या वेळी उतारा हातात आला तर क्षेत्राशेजारी ‘आकार’ म्हणून रुपये-पैशांत एक आकडा असतो, तो पाहा. हास्यास्पद वाटावा इतका छोटा असतो तो. त्या आकड्याचं मूळ विंगेटच्या पद्धतीत आहे. कोणीतरी कारकून उन्हात तुमच्या पणजोबांच्या शेतात उभा राहिला होता, त्याने खोली हाताने मोजली होती आणि आणे लिहिले होते. त्यानंतर किती खोली उरली, हे आता आपण मोजायला हवं. त्याला पीएचडी लागत नाही. एप्रिल-मेमध्ये गावी गेलात तर पहार घ्या, मुरूम लागेपर्यंत खणा आणि वर्षासह वहीत लिहून ठेवा. आणि रान कसणारा जो कोणी भाऊ, काका किंवा वाटेकरी असेल, त्याला चराचा खर्च विचारा.